सरळ हात, लंगडा हात

६ ऑक्टोबर

ठरलं! यंदा फळी वाजणार. नऊ वर्षं ती सफरचंदाच्या घाण्याची फळी भिंतीला टेकून धूळ खातेय. आज अंगणात ओढत आणली, पुसली, दोन टोपल्या पालथ्या घालून त्यांवर आडवी ठेवली आणि दांडक्याने एक टोला दिला. काय आवाज! कोंबड्या पळाल्या, मी नाचले. एकसष्टाव्या वर्षी. कुणी पाहिलं असेल तर ओढ्यापलीकडच्या घरातून. पाहू दे!

सफरचंदांनी झाडं वाकलीत. एकतीसला रस काढायचा. रस निघाला की फळी वाजते, दरीभर ऐकू जातं आणि लोक किटल्या घेऊन येतात. बाबांच्या वेळी एक वर्ष चुकलं नाही.

अडचण एकच. चालापार्ता, म्हणजे हे फळीवरचं वादन, एकट्याने वाजत नाही. सरळ हात लागतो — ता-कुन, ता-कुन, घड्याळासारखा. आणि लंगडा हात लागतो — तो मधल्या फटीत घुसून कधी दोन ठोके देतो, कधी एक, कधी मुद्दाम काहीच नाही. लंगडा हात माझा. सरळ हात कोंचेसीचा. आणि कोंचेसी, माझी सख्खी थोरली बहीण, ओढ्यापलीकडे राहते आणि नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाही.

७ ऑक्टोबर

का बोलत नाही, तेही लिहून टाकते. सान हुआनची जत्रा, भरलेला चौक, आम्ही दोघी फळीवर. मी रंगात आले होते. लंगड्या हाताने फार तर दोन ठोके द्यायचे असतात, मी तीन दिले. लोक हसावेत म्हणून! कोंचेसीच्या हातातलं दांडकं उडालं ते थेट बँडवाल्याच्या ढोलावर. चौक हसून हसून लोळला. तिने उरलेलं दांडकं फळीवर ठेवलं आणि ती घरी गेली.

चार वेळा माफी मागायला गेले. चारही वेळा तिच्या नवऱ्याने, बिशेन्तेने, दार अडवलं. ती झोपलीय म्हणे. सकाळी अकरा वाजता!

९ ऑक्टोबर

डोक्यात एक भन्नाट कल्पना आलीय. कोंचेसीला वाकडा ठेका सहन होत नाही. चर्चमध्ये बाजा वाजवणारा जरा चुकला, तर ती मान वळवून बघते आणि तो बिचारा आणखी चुकतो. तर मग सरळ हातासाठी मी दरीतला सगळ्यात वाईट माणूस धरणार! रोज अंगणात त्याला वाजवायला लावणार. चिडून ती स्वतःच येईल आणि त्याच्या हातातून दांडकी हिसकावून घेईल.

माणूसही ठरला. इमानोल, जनावरांचा डॉक्टर. टाळ्यासुद्धा चुकीच्या वेळी वाजवतो. विचारलं तर लाजला. "पांचिकाकाकू, मला जमेल?" मी म्हटलं, तुझ्यासारखा दुसरा नाही. खोटं कुठे बोलले?

१२ ऑक्टोबर

पहिली तालीम. भयंकर! मी आनंदाने वेडी व्हायचीच बाकी होते.

एकच घोळ झाला — फळीचा आवाज दरीभर गेला आणि रस निघाला असं समजून अकरा जण किटल्या घेऊन हजर! सफरचंदं अजून झाडावर. सगळ्यांना सफरचंदाची जुनी दारू, सायडर, पाजली, खारवलेल्या माशाचं ऑम्लेट केलं, सव्वीस अंडी गेली. बिशेन्तेही आला होता. खाली बघत म्हणाला, "कोंचेसीने विचारलंय, कुणाची गाय अडलीय का."

ऐकलं तिने!

१५ ऑक्टोबर

तिची खिडकी बंद. ऐन दुपारी, एवढं छान ऊन असताना! मासा गळाला लागला.

बिशेन्ते कपडे वाळत घालताना दिसला. आता कपडेही त्याच्याचकडून. महाराणी! विणकामही सोडलं म्हणतात. बाजारात तिचे मोजे दिसले नाहीत ते नाहीतच.

१९ ऑक्टोबर

इमानोल आज जरा बरा वाजवत होता. चुकून असेल.

२२ ऑक्टोबर

चुकून नाही. सुधारतोय! माझ्या बेताचे बारा वाजले. घरी सराव करतोस का म्हणून विचारलं, तर गायींच्या गोठ्यात करतो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. प्रेमात पडलाय की काय?

२६ ऑक्टोबर

उभ्या उभ्याच लिहितेय.

आज वाजवणं संपत आलं होतं. शेवटच्या ठोक्याआधी इमानोल थांबला. एक श्वासभर. मग दांडकं नुसतं खाली सोडलं, मारलं नाही. तसं बाबा करायचे. त्यांनी ते फक्त आम्हा दोघींना शिकवलं होतं.

मी आत गेले, एप्रनमध्ये तोंड घालून रडले. मग हसू आलं. मग बाहेर येऊन त्याची उलटतपासणी घेतली. गडी पाच मिनिटांत फुटला. पंधरा तारखेला कोंचेसीने गाय बघायला बोलावलं. गाय ठणठणीत! याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "मला हे ऐकवत नाही. रोज येत जा."

तिने दांडकी हातात धरली का, मी विचारलं. नाही म्हणाला. नुसती तोंडाने सांगते, ता-कुन, ता-कुन, आणि चुकलं की पाय आपटते.

म्हणजे डॉक्टरला शिकवेल, पण माझ्या अंगणात यायची नाही! राग आला. खूप आला. तरी भांडी घासताना मी गात होते.

३० ऑक्टोबर

सफरचंदं, सफरचंदं, सफरचंदं. कंबर गेली.

३१ ऑक्टोबर

झालं! सकाळभर चौघांनी मोठ्या मुसळांनी सफरचंदं कुटली, दुपारी घाणा आवळला आणि रस असा धो धो आला की दोन पिंपं कमी पडली. मग इमानोल आणि मी फळीवर. लोक किटल्या घेऊन धावत आले, या वेळी खऱ्या रसाला! चेस्टनट भाजले, म्हातारे नाचले, पाद्रीबाबांना दोनदा उठवून बसवावं लागलं.

ती आली नाही. पण खिडकी सताड उघडी होती. मी सगळा वेळ त्या खिडकीकडे तोंड करून वाजवलं. तीन ठोके एकदाही दिले नाहीत. शेवटी बाबांचा तो थांबा आला आणि इमानोलने दांडकं नुसतं खाली सोडलं.

उद्या रस घेऊन जाणार. ती झोपलीय असं बिशेन्ते म्हणाला तर त्याला ढकलून आत जाईन.

१ नोव्हेंबर

दार तिनेच उघडलं. कोपराने. बोटं सगळी वाकलेली, सांधे अक्रोडाएवढे.

मी पाठ केलेली माफी सुरू केली. तिने थांबवलं. "तुझे ते तीन ठोके मी ऐकलेच नाहीत. त्याआधीच दांडकं सुटलं होतं. बोटांना काही कळतच नव्हतं. सगळे म्हणाले पांचिकाने घालवलं, मी म्हणू दिलं. मग तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं."

नऊ वर्षं! तिला बदडावं की मिठी मारावी कळेना. मिठीच मारली. ताई म्हणून हाक मारली, लहानपणानंतर पहिल्यांदा. मग किटली तिच्या तोंडाला लावली, तिने दोन्ही तळव्यांनी आधार दिला आणि घटाघट प्यायली.

"गोड आहे," म्हणाली. "तू मात्र अजून घाई करतेस. उद्या डॉक्टरबरोबर तूही शिकायला ये."