चोवीस पेट्या, शेरा: खूण नाही

४ जानेवारी
नवं वर्ष, नवी डायरी. संकल्प तीनच: रोज चालणे, पोट कमी करणे, डायरी खरी लिहिणे. चालणं उद्यापासून.

माझं काम लोकांना कळत नाही, बायकोला तर मुळीच नाही. समोरच्या छोट्या बेटावर बुटकी नावाचा पक्षी आहे. तिला उडता येत नाही, जमिनीवर अंडी घालते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथले उंदीर नऊ वर्षांपूर्वी संपवले. एक जोडी जरी परत शिरली तरी बुटकीचा कारभार आटोपला. म्हणून बेटावर चोवीस पेट्या, प्रत्येकीत शेंगदाण्याच्या वासाची मेणाची वडी. उंदीर आला तर वडी कुरतडणार, दात उमटणार. दर पंधरा दिवसांनी पेट्या उघडून तक्त्यात शेरा लिहिणारा माणूस मी. थोडक्यात, ती अख्खी जात माझ्या भरवशावर आहे. बायको म्हणाली, मग आधी मोरीतली झुरळं बघा.

१९ जानेवारी, दुपारी
बोट लागली. येताना-जाताना दोन्ही वेळी ओकलो. धक्क्याजवळच्या तीन पेट्या पाहिल्या. वड्या जशाच्या तशा. उरलेल्या एकवीस चढावर, आणि माझा गुडघा हा असा. शिवाय विचार केला, उंदीर येणार तो कुणाच्या तरी बोटीतून, म्हणजे धक्क्यावरच उतरणार, म्हणजे आधी पेटी नंबर एक. याला सॅम्पलिंग म्हणतात. झाडाखाली बसून चोवीसही रकाने भरले. शेरा: खूण नाही. नावाड्याला उगाच शंका नको म्हणून बुटांना चिखल लावून घेतला.

साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं.

२ फेब्रुवारी
चढासाठी खास बूट आणले. चावतात. पेट्या तीन. पुढच्या खेपेला नक्की वरपर्यंत.

९ फेब्रुवारी
ताईची मोजणी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण; आमच्याच ऑफिसात, सव्वीस वर्षं बुटकी मोजते. पक्षी झुडपात दडलेला, दिसत नाही, म्हणून पहाटे ठरलेल्या सहा जागी बसून हाका मोजायच्या. मला इथे तिनेच चिकटवलं असं लोक म्हणतात. मुलाखत मी दिली होती.

मागच्या महिन्यात अठ्ठावन्न, आता एक्कावन्न. ताई म्हणाली, वारा होता. मीही म्हणालो, वाराच.

९ मार्च
एकोणचाळीस. वारा नव्हता.

ताईने माझे तक्ते काढून ओळ न् ओळ वाचली. मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुझे तक्ते स्वच्छ आहेत रे. उंदीर नाही, मग पक्षी जाईल कुठे? माझेच कान गेले."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात चहा आला.

१३ मार्च
ताईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भाऊ म्हणून मी कुठे कमी पडत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम, फार बारीक आवाज जरासे कमी, घाबरू नका. ताई म्हणाली, पण माझं कामच बारीक आवाजाचं आहे. मशीन घेतलं. केसांत दिसू नये असा रंग मी निवडून दिला. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तू आहेस म्हणून बरं.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

२३ मार्च
चढलो. चारदा बसलो, पण चढलो.

नऊ नंबरची वडी अर्धी खाल्लेली. खेकडा असेल. खेकड्याला दात नसतात. दहावीत वडीच नाही. अकरावीत लेंड्या. चौदावीशेजारी अंड्यांची टरफलं, बरीच. तिथे बराच वेळ बसलो.

मग उठलो आणि एकेका पेटीत नवी वडी ठेवली. कुरतडलेल्या वड्या जेवणाच्या डब्यात भरून घरी आणल्या. असं का केलं, माहीत नाही. तक्ता भरला. सवयीने हाताने लिहिलं: खूण नाही.

२४ मार्च
योजना पक्की. गाजावाजा न करता मीच विष मांडतो, आठवड्यात उंदीर साफ, मग शांतपणे सगळं सांगतो. तेव्हा ती कबुली राहणार नाही, कामगिरी होईल.

विषाच्या कपाटाची किल्ली साहेबांकडे. अर्ज लागतो. अर्जात 'कारण' असा रकाना आहे.

२८ मार्च
रकाना अजून रिकामा. बायकोने विचारलं, डब्याला कसला वास येतो? डबा कपाटाच्या वर ठेवला.

६ एप्रिल
ताईने मशीन लावून मोजलं. बावीस. म्हणाली, पानांची सळसळ ऐकू येते, नावाड्याचं खाकरणं ऐकू येतं, माझी बुटकी तेवढी ऐकू येत नाही. दुपारी साहेबांना अर्ज दिला: माझ्या कानांचा भरवसा उरलेला नाही, या कामातून मोकळं करावं. नवा माणूस तयार व्हायला सहा महिने. तोवर मोजणी बंद.

म्हणजे सहा महिने कुणालाच काही कळणार नाही. माझा जीव भांड्यात पडला. हे मी लिहिलं आहे. खोडणार नाही.

१० एप्रिल
ताईचा निरोप समारंभ. सख्खा भाऊ म्हणून मला बोलायला लावलं. छान बोललो. ताईला आता आम्ही बोलावलं तरी ऐकू जाणार नाही, असा विनोदही केला. लोक हसले. ताईही हसली, जरा उशिरा, कानाजवळ हात नेऊन.

घरी येऊन मोरीत तोंड धुतलं. आरशात पाहिलं नाही.

११ एप्रिल, सकाळी
डबा घेऊन ताईकडे गेलो. ती गवार मोडत बसली होती. टेबलावर वड्या मांडल्या. वाटेत मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

ताईने एक वडी उचलली, दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. कुठल्या पेटीतली, विचारलं. वड्यांवर ते मी लिहून ठेवलं नव्हतं. कधीपासून? म्हणालो, माहीत नाही, मी तीनच पेट्या बघायचो. आणि या काढल्या कधी? म्हणालो, एकोणीस दिवस झाले.

तिने वडी परत टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी बरोबर मोजत होते."

कानातलं मशीन काढून गवारीच्या देठांशेजारी ठेवलं आणि साहेबांना फोन लावला: बोट लागेल, विष लागेल, आजच. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. तिने चपला घातल्या आणि निघाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेली गवार मी मोडून ठेवली.

२ मे
उंदीर सापडले, एकतीस. पेट्यांचं काम माझ्याकडून काढून नावाड्याला दिलं. तो सगळ्या चोवीस बघतो. मला साहेबांनी ताईच्या मोजणीला जोडलं. आता नियम असा की दोघांनी मोजायचं, न बोलता, आपापल्या तक्त्यात. ताई कामावर परत आली आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

१७ मे
पहाटे मोजणी. बोट लागली, पण ते सांगण्यात अर्थ नाही.

सहा जागा. पहिल्या जागेवर ताईने मान जराशी कलती केली आणि एक रेघ ओढली. मला काही कळलं नाही. दुसऱ्या जागेवर दोन रेघा. तिसऱ्या जागेवर काही नाही. मी कान टवकारून बसलेला, समुद्र ऐकू येतोय, माझं पोट ऐकू येतंय. तिच्या तक्त्यात डोकावता आलं असतं. ती बघत नव्हती.

चौथ्या जागेवर तिने पुन्हा रेघ ओढली आणि माझ्याकडे वळली. विचारलं, ऐकलीस? मी नाही म्हणालो. आणि मग तेही सांगून टाकलं, की बुटकीचा आवाज कसा असतो ते मला माहीत नाही. चार वर्षांत पहाटे कधी वर आलोच नव्हतो.

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझा दंड धरून मला झुडपाच्या बाजूला वळवलं.

"आता गप्प बस. परत देईल ती."

बराच वेळ गेला. मग ऐकू आली. एकदाच, बारीक, कुणीतरी दार हळूच लोटावं तशी. पुढच्या दोन जागी मला काहीच ऐकू आलं नाही.

परत येताना दोघांनी तक्ते साहेबांना दिले. ताईचा आकडा सहा. माझा एक.