मोठं हिरवं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रागावायचं नाही. ज्येष्ठांच्या ब्लडप्रेशरचं ॲप डिझाइन करणारा माणूस तरी शांत हवा. फुलंब्रीला आईच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. ती दंडाला पट्टा बांधते, आकडा मला इथं संभाजीनगरात दिसतो. बटण एकच, मोठं, हिरवं. म्हाताऱ्या माणसांना यापेक्षा सोपं काय देणार?

६ नोव्हेंबर
आई १७०. सकाळीच फोन. मीठ किती खातेस, पापड कुणी दिला? आवाज चढला, पण काळजीनं. रागानं नव्हे. (पुन्हा तपासून पाहिलं. काळजीनंच.)

७ नोव्हेंबर
१७६. पुन्हा फोन. आई म्हणाली, "मला काय झालंय? तूच लई धापा टाकायलास."

१० नोव्हेंबर
ऑफिसात प्रेझेंटेशन. धोक्याचा इशारा गेला की सगळेच ज्येष्ठ बटण दाबतात. म्हणजे इशारा पोचतो. मग आकडे का उतरत नाहीत? हट्टी माणसं. दोष डिझाइनचा असेल का, यावर प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१२ नोव्हेंबर
आईला घेरी आली. धाकट्या भारतने दवाखान्यात नेलं. १९०. आठवडाभर गोळीच नाही. मी तिथं जाऊन सगळ्यांदेखत जाब विचारला. आई म्हणाली, "तुझाच मोबाईल रोज म्हणतो, ठीक आहे. मग गोळी कशाला गिळू?"
बटणावर तेच लिहिलंय. वरचा लांबलचक इशारा कोण वाचतो? 'ओके'चं असलं भाषांतर करणाऱ्याला झापायला फोन उचलला. खाली ठेवला. भाषांतर माझंच.

१३ नोव्हेंबर
बटणावर आता 'गोळी घेतली'. प्रश्न मिटला.

१८ नोव्हेंबर
गोळी चालू, तरी १६५. कुणीतरी चुकतंय. आता रोज सकाळी फोन चालू ठेवूनच मोजायला लावतो आणि तेवढ्यात कालच्या जेवणाची चौकशी करतो. भारत मध्ये बोलला. त्यालाही सुनावलं.

२१ नोव्हेंबर
आईला डॉक्टरांकडे नेलं. तिथं १३४. मी म्हणालो, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी विचारलं, घरी मोजताना काय चालू असतं?
"दादाचा फोन," भारत म्हणाला.
डॉक्टरांनी सांगितलं: गोळी रोज, मीठ कमी, थोरल्याचा फोन आठवड्यातून एकदा. आई म्हणाली, "दोनदा करू द्या की. वरडू नको म्हणा फकस्त."
मान्य. रविवारी शांतपणे बोलायचं. मुद्दे काढायला बसलो. पान पुरलं नाही.