हमाली माझी, टाळ्या तिच्या

३ ऑगस्ट
खेळाच्या मॅडमनी आज व्हॉलीबॉलची टीम लावली. लंबी स्मॅशर आणि मी लिफ्टर! लंबी माझी जिवाभावाची मैत्रीण, पण म्हणून काय झालं? उडी माझी जास्त उंच जाते. मॅडम म्हणाल्या, "तुझे हात शांत आहेत. तू बॉल उचलून दे, ती मारेल."
म्हणजे हमाली माझी, टाळ्या तिच्या.
घरी सांगितलं तर दादा म्हणतो, "लिफ्टर का? मग मला तिसऱ्या मजल्यावर सोड." बाबा शिलाई मशीनवरची मान न उचलता हसले. फितूर सगळे.

६ ऑगस्ट
बोटं सुजली. पेन धरवत नाही.

१४ ऑगस्ट
शेजारच्या शाळेला हरवलं. लंबीला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्यातला एक खांदा माझाच.

१९ ऑगस्ट
हे फक्त इथेच लिहितेय. आज शेवटच्या सेटला मी लंबीला मुद्दाम वाईट बॉल दिले. वीतभर खाली, जाळीला खेटून. कुणाच्या लक्षात येणार नाही इतपतच. तिचे तिन्ही फटके जाळीत गेले. बघणाऱ्यांतून कुणीतरी "अरेरे" केलं आणि मला – खोटं कशाला बोलू – बरं वाटलं.
हरलो.
नळावर तोंड धुताना लंबी म्हणाली, "सॉरी गं. तू एवढं देतेस आणि माझा हातच चालत नाही."
मी नुसती चूळ भरत राहिले. किती वेळ भरणार?

२१ ऑगस्ट
दोन दिवस घास गोड लागेना. आज जाळी गुंडाळताना सांगून टाकलं.
लंबी गुंडाळतच राहिली. "माहितेय. पहिल्याच बॉलला कळलं होतं."
"मग सॉरी का म्हणालीस?"
"वाटलं, तू लगेच बोलशील. दोन दिवस लावलेस, शहाणे." मग जाळीचं टोक माझ्या हातात कोंबत म्हणाली, "आता रोज शंभर बॉल उचलून द्यायचे. चांगले."
एवढ्यावर सुटले? मी असते तर महिनाभर अबोला धरला असता.

१२ सप्टेंबर
रोज शंभर चालू आहेत. एक गंमत कळली – बॉल बोटांतून नीट सुटला की ती मारायच्या आधीच मला कळतं, पॉइंट आला. लोक टाळ्या वाजवेपर्यंत माझी मजा घेऊन झालेली असते. दादाला सांगितलं. त्याला काही कळलं नाही.

२० सप्टेंबर
जिल्ह्याच्या संघाची यादी लागली. आमच्या शाळेतून एकच नाव. माझं.
लंबीने यादी तीनदा वाचली. मग माझी बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि चालू लागली. मी दोनदा बॅग मागितली. घराचं दार येईपर्यंत तिने दिली नाही.