पाच फुटांची चावी

६ जानेवारी

आणली! घरी घेऊन आले ती चावी. पाच फूट लांब, थर्माकोलची, रुपेरी रंग, लाल रिबीन.

आज बी ब्लॉकच्या घरांचा चावीवाटप सोहळा. आम्ही बत्तीस कुटुंबं. वस्ती पाडून तीन वर्षं झाली, तेव्हापासून भाड्याच्या खोल्यांत. नाव पुकारलं की स्टेजवर जायचं, साहेबांबरोबर ती चावी धरायची, फोटो झाला की चावी पुढच्या बाईच्या हातात. एकच चावी, बत्तीस फोटो! माझं नाव शेवटचं. फोटो झाल्याबरोबर बिल्लेवाली मुलगी म्हणते, "मंदाबेन, चावी पाछी आपो ने."

परत? मग खरी कधी? "ए तो पछी मळशे." नंतर म्हणजे कधी, ते तिलाही माहीत नाही. ब्लॉकला लाइट नाही, पाणी नाही — कसलं घर देतात!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खरी द्या नि ही न्या. आणि सरळ चालायला लागले. सिटी बसमध्ये लोक फिदीफिदी हसत होते. हसू देत.

७ जानेवारी

आमचे हे भडकलेत. मंडपवाल्याकडे थर्माकोल कापायचं काम यांचं — गणपतीची मखरं, लग्नाची गेटं. ही चावीही यांनीच कापलेली. शेठ म्हणाला, "भास्करराव, बायकोला आवरा." घरी येऊन माझ्यावर — "मंदा, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

मी म्हटलं, तुमच्या हातची सुरेख झालीय, म्हणून तर आणली. हसले नाहीत.

१० जानेवारी

खोलीत मावत नाही. दारावर बाहेर टांगली. वाडीतली अर्धी माणसं बघून गेली.

१४ जानेवारी

उत्तरायण. गच्चीवर पतंग आणि "काप्यो छे!" चा नुसता गोंगाट. घरमालकीणबाईंनी उंधियूचं पातेलं हातात दिलं आणि म्हणाल्या, मार्चमध्ये खोली खाली करा, मुलाचं लग्न आहे. सण तरी बघायचा! आमच्या योगिनीची बारावीची परीक्षा मार्चमध्येच.

१८ जानेवारी

हाउसिंगचे साहेब स्वतः आले! दारावरच्या चावीचा फोटो कुणीतरी मोबाईलवर फिरवला, म्हणून वरून विचारणा झाली म्हणे. बसले, चहाचा कप हातात घेतला आणि खिशातून चावी काढली. खरी. पितळेची, बोटाएवढी.

"बी-४०४. लाइट-पाणी तुमच्यापुरतं जोडून देतो. फक्त ती दारावरची काढा."

आणि बाकीच्यांचं? "हळूहळू."

माझा हात पुढे गेला. खोटं कशाला लिहू, गेला! योगिनी कोपऱ्यात पुस्तक धरून बसली होती, एक पान उलटत नव्हती. पण मला प्रेमलाताई आठवल्या. वस्तीत आमच्या शेजारी होत्या, आता बहिणीच्या घरी जिन्याखाली झोपतात, दमा घेऊन. त्यांना काय तोंड दाखवू? हात मागे घेतला.

म्हटलं, साहेब, बत्तीस आणा.

"मी तुमचं भलं करायला आलो, बेन!"

भलं? घरं पाडलीत तेव्हा कागद दिलात, अठरा महिन्यांत पक्कं घर. शिक्का सरकारचा आहे. जपून ठेवलाय मी. आम्हांला घर देणं तुमचं काम आहे, मेहेरबानी नाही!

अर्धा चहा टाकून गेले.

हे एवढंच म्हणाले, "घ्यायची होतीस गं. पोरीची बारावी आहे." ओरडले असते तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

पोळ्या लाटताना रडले. चुकलं का माझं?

२० जानेवारी

नाही चुकलं.

२२ जानेवारी

२६ तारखेला सी ब्लॉकचा सोहळा. तिथेही नळ कोरडेच! मोठे पाहुणे येणार, म्हणून नवी चावी हवी. शेठने काम यांनाच दिलं — आणि यांनी घेतलं! "नोकरी आहे, मंदा." ताट वाढलं, पण बोलले नाही.

२४ जानेवारी

अजून बोलले नाही. हे सकाळपासून गच्चीवर. एका चावीला इतका वेळ! पाहुण्यांसाठी नक्षी काढत असतील.

२५ जानेवारी

कामावरून आले तर जिना थर्माकोलच्या भुशाने पांढरा. तावातावाने वर गेले. गच्चीभर चाव्या! वाळत घातलेल्या, ओळीने, रुपेरी. योगिनी रिबिनी बांधत होती. यांच्या केसांत भुसा, हातात ब्रश.

"गोदामात तुकडे पडून होते," माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक त्यांची. एकतीस आपल्या. उद्या सगळ्यांना घेऊन जाऊ सोहळ्याच्या मैदानावर."

एकतीस? आपण तर बत्तीस!

"तुझी आहे ना दारावर," म्हणाले. "आणि हात लावू नकोस, रंग ओला आहे."