बाण आईकडंच दाखवायलाय

ती. व्यंकटराव दाजींना गोपाळचा साष्टांग नमस्कार (उजव्या गुडघ्यात बोराटीचा काटा मोडून बसलाय, त्यामुळं साष्टांगातलं एक अंग सध्या कमी धरावं).

तुमची तब्येत ठणठणीत असणारच. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तुम्ही सह्याद्रीतला एकेक गड चढून उतरता, तुम्हाला काय धाड भरलीय? विमलआक्काच्या पाठीचं मात्र कळवा. तिला फोनवर विचारलं की ती "बरं हाय" म्हणते, आणि आक्काचं "बरं हाय" म्हणजे काय असतं ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे, पण दाजी, कसले खुशाल? आम्ही हादरलोय. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. सविता भाकरी थापता थापता मधेच थांबते आणि माझ्याकडं नुसती बघत राहते. तव्यावरची भाकरी करपते, तरी बघतच राहते. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही "लोकेशन पाठव, लोकेशन पाठव" करता आणि तो शब्द ऐकला की सध्या माझ्या अंगावर काटा येतो (हा काटा वेगळा). म्हणून पत्र लिहायला बसलोय. सोबतच्या पुडक्यात ते मशीन आहे. जपून उघडा.

आता मुळापासून सांगतो. आमच्या पोरीचं, अर्पिताचं लग्न गंगाखेडला ठरलं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही जावई, आमच्या घरचा रिवाज तुम्हाला अर्धाच माहीत असणार. आमची कुलदेवी म्हणजे डोंगरातली आई. तिला ना देऊळ, ना पायरी, ना पाटी. अंजनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड, बस्स. आजोबांनी एकदा वर पत्रे टाकले तर पहिल्याच वावटळीत ते पत्रे खालच्या वाडीत जाऊन पडले. आईला छप्पर चालत नाही. घरातल्या लग्नाची पहिली पत्रिका तिच्यापुढं ठेवायची आणि मगच बाकीच्या वाटायच्या. तोवर एकही पत्रिका उंबरा ओलांडत नाही. आणि तिची वाट ठाऊक असलेला माणूस आता एकच उरलाय, आपले भुजंगकाका. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि पायांत गोळे. मागच्या खेपेला, म्हणजे माझ्याच लग्नात, मी काकांच्या मागं मागं गेलो होतो, पण माझं सगळं ध्यान पायातल्या नव्या बुटांकडं. काका म्हणाले, "एकडाव दाखवितो. फिरून मला म्हणू नकूस." म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, जंगलात मोबाइलवर भरवसा ठेवू नकोस, रेंज जाते, बॅटरी बसते; हातात धरायचा जीपीएस घे, स्वस्तातला, बटणांचा, सेल बदलता येणारा. किती सोपं वाटलं हो तुम्हाला!

जिंतूरला बालाजीचं मोबाइलचं दुकान आहे, माझ्या वर्गातला बालाजी. त्याला जीपीएस मागितला तर त्यानं काडेपेटीएवढी डबी काढली. म्हणे, ट्रकखाली चिकटव, गाडी कुठं हाय ते मालकाला घरबसल्या कळतंय. म्हटलं, गाडी नाही बाबा, हरवणार मी आहे. तर म्हणतो, "मग तुझ्याच खिशात टाक की, वहिनीला कळंल." सविता शेजारीच उभी होती. तिनं ती डबी जी हातात घेतली ती काही केल्या सोडेना. डबीचे गुण विचारायला लागली, आवाज येतो का, धुतली तर चालते का. मोठ्या मुश्किलीनं तिला दुकानाबाहेर काढलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण सरळ जाणार नाही.

मग परभणी गाठली. मोठं दुकान, काचेचं दार. म्हटलं, रानात वापरायचाय, हातात धरायचा पाहिजे, परवडणारा दाखवा. मालक खूश! म्हणाला, रानासाठीच तर हाय हा, शेकड्यानं खपवलेत. आता दाजी, पुण्यात रान म्हणजे जंगल असेल, आमच्याकडं रान म्हणजे शेत. मी इथंच जन्मलो, इथंच वाढलो, पण तुमचे ते जंगलाचे मेसेज वाचून वाचून माझीच भाषा फिरली होती. मशीन घरी आणलं आणि बघावं तरी कसं चालतंय म्हणून बटण दाबून आपल्या बांधाच्या कडेनं एक चक्कर मारली. चक्कर पुरी होताच मशीननं एकर आणि गुंठे सांगितले. आणि मी मान वर करून बघतो तर काय, सगळी भावकी बांधावर गोळा! गोपाळ मोजणी करायलाय म्हणून बोंब उठलेली. एक चुलतभाऊ तर अर्धी दाढी तशीच ठेवून पळत आलेला. शेजारच्या बांधावर सरजाकाकू विळा घेऊन उभ्या. मी शपथेवर सांगितलं, हे डोंगरातल्या आईला शोधायचं मशीन आहे. तर म्हणाल्या, "आईला हुडकायला आमचा बांध कशाला लागतुय?" मशीन दुसऱ्या दिवशी परत केलं, पण काकूंच्या घरून यायचं ताक तेव्हापासून बंद आहे.

शेवटी बालाजीनंच ऑनलाइन मागवून दिलं ते हे, पुडक्यातलं. हातात धरायच्यांत सगळ्यांत स्वस्त. नकाशा नाही, रंग नाही, पेन्सिल सेल लागतात, पाण्यात पडलं तरी काही होत नाही (मी पाडून बघितलं, मुद्दाम नव्हे). जागेवर उभं राहून बटण दाबायचं, जागेला नाव द्यायचं, की कुठूनही ते नाव काढलं तर बाण त्या दिशेला दाखवतं. एकच खोड. महागातल्यात होकायंत्र असतं म्हणे, यात नाही. त्यामुळं आपण उभं राहिलो की बाण गरगर फिरतो, आणि चालायला लागलो की सरळ होतो. पहिल्या दिवशी हे कुणाला ठाऊक? मी अंगणात उभा, बाण फिरतोय आणि बाणाबरोबर मी फिरतोय. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. म्हणाली, "त्यात माझं नाव घाल, बघू काय करतंय." अक्षरं इंग्रजी. मी ए-ए-आय असं घातलं, पार मारुतीच्या पारापर्यंत चालत गेलो आणि बटण दाबलं. बाण बरोब्बर घराकडं! मला गहिवरून आलं. परत येऊन तिला सांगितलं तर म्हणते कशी, "येवढ्यासाठी मशीन? मी हाक मारली असती की."

पुढं काकांना घेऊन निघालो. वाट डोंगराच्या पलीकडच्या अंगानं चढते, म्हणून ट्रॅक्टरनं वळसा घालून गेलो आणि तिथून पायी. काकांना धड दिसत नाही, पण झाडाच्या सालीवर हात फिरवत, मला शिव्या देत ते चढले. अंजनाखाली आई होती. शेंदूर सुकलेला, बाकी तशीच. मी बटण दाबलं, नाव घातलं. काका म्हणाले, झालं का? म्हटलं, झालं. म्हणाले, "मंग आता मी गेलो तरी चालंल." मला तर दाजी, डोंगर जिंकल्यासारखं वाटलं. तुमचं किती कौतुक केलं मी त्या दिवशी, आक्काला विचारा, तिला फोन करून सांगितलं होतं.

आणि मग तो दिवस. ट्रॉलीत सविता, अर्पिता, भावकीतल्या बाया, पुरणाचा नैवेद्य, नारळ, आणि हळदकुंकू लावलेली पहिली पत्रिका. सरजाकाकूही होत्या (मी डोंगर मोजून नावावर करून घेतो की काय ते बघायला). डोंगराच्या पलीकडं उतरलो, मशीन काढलं, आई लावली, बाण सरळ झाला. अंतराचा आकडा जरा मोठा वाटला, पण म्हटलं स्वस्तातलं मशीन, थोडं फेकणारच. चालायला लागलो. बोराटी आली, घाणेरी आली, ओढ्याची घळ आली, बाण काही हटेना. मधे एका झाडापाशी सविता म्हणाली, "अहो, वाट हिकडं दिसायलीय." मी म्हटलं, माणूस चुकंल, मशीन चुकायचं न्हाई. (हे वाक्य ती आता दिवसातून तीनदा मला ऐकवते.) माथा चढलो, माथा उतरलो. नऊवारी फाटल्या, नारळ घळीत गेला, अर्पिताच्या केसांत कुसळं. खाली उतार लागला तशा सरजाकाकू म्हणाल्या, "ती वाळू घातलेली साडी माझ्या साडीवानी दिसायलीय." मग एक कुत्रं धावून आलं. आपलाच काळू! आमचे अवतार बघून तो आपल्याच माणसांवर भुंकायला लागला. मी मान वर केली, तर समोर आपला गोठा, आपलं न्हाणीघर, आपलं मागचं दार. दारात आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. आणि माझ्या हातात मशीन वाजलं. पोचलात म्हणे!

दाजी, देवाशप्पथ सांगतो. ट्रॅक्टर डोंगराच्या पलीकडं आणि आम्ही नैवेद्यासकट अलीकडं. आईच म्हणाली, "आलाव का आईपुढं पत्रिका ठिवून?" मशीन पुन्हा वाजलं. सवितानं मटकन खाली बसून हात जोडले. नेमके कुणाला, ते तिला अजून सांगता येत नाही.

आईनं सूप बाजूला ठेवलं, पत्रिका हातात घेतली आणि विचारलं, कोण ठिवणार हुतं ही? म्हटलं, मी. म्हणाली, "तू? तुझ्या लग्नाची विमलनं ठिवली. माझ्या लग्नाची तुझ्या आत्यानं. ह्या घरच्या लेकीनं ठिवायची असती बाबा. म्हणून लावलं आईनं माघारी. मला कुणी इचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही दुकानं धुंडाळत होतो आणि ती उंबऱ्यावर बसून होती. काकांकडं धावलो, तर ते बाजेवरून म्हणतात, "मला वाटलं तुमाला ठाव हाय." अहो काका! हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हटलं, अर्पिता पण घरची लेकच की. तर ती नवरी, स्वतःच्या लग्नाची पत्रिका ठेवते का कुणी! आत्या तर आता राहिली नाही, म्हणजे उरली एकटी विमलआक्का. आईनं पत्रिका उशाखाली ठेवलीय. विमल आल्याबिगर ती हलायची नाही, असं सांगितलंय. बाकीच्या पत्रिकांचे गठ्ठे कोनाड्यात तसेच. गंगाखेडचे व्याही रोज फोन करतात, मी छापखान्याचं नाव पुढं करतो. काल ते म्हणाले, "मनात दुसरं काही असंल तर मोकळं बोला." अर्पितानं ते ऐकलं. तेव्हापासून पोरगी ताटावर बसते आणि उठते, जेवत नाही.

तर असा सगळा प्रकार आहे. मशीन तपासून त्यात काय बिघाड आहे ते तुमच्या त्या गडवाल्या मंडळींना विचारा. आक्काच्या येण्याचं म्हणाल, तर मी आग्रह करणार नाही. तुम्हाला सवड नसते. मागच्या तीन दिवाळ्या तुम्ही तीन गडांवर होता आणि आक्का तुमचे डबे भरत होती, हे आम्ही समजून आहोत. तुम्हाला सगळ्या गडांच्या वाटा सापडतात, सासुरवाडीची तेवढी सापडत नाही, असं सविता म्हणते. मी म्हणत नाही. काहीतरी मार्ग काढू. काळजी नसावी.

तुमचा, काट्यासकट,
गोपाळ

ता. क. पुडकं बांधता बांधता चष्मा लावून मशीन पुन्हा बघितलं. दाजी, यात बिघाड काही नाही. यादीत ए-ए-आय दोन आहेत, खाली-वर. एक आपला उंबरा, एक अंजनाचं झाड. मी वरची दाबली.

दुसरा ता. क. हे घरात कुणाला सांगू नका, आक्कालासुद्धा नाही. मी सांगायला गेलो होतो. आई मागच्या अंगणात होती. आक्काची जुनी गोधडी पेटीतून काढून उन्हाला घातलेली आणि ती हातानं थोपटत होती. म्हणाली, "ही लागती तिला, हिच्याबिगर झोप येत न्हाई." मी तोंड मिटून परत आलो. मी खरं बोललो तर पत्रिका उद्या डोंगरात जाईल, लग्न सुरळीत होईल, आणि ती गोधडी घडी होऊन पुन्हा पेटीत जाईल. तसं मला करवणार नाही.

शेवटचा ता. क. लेकीला माहेरी आणायला मुराळी पाठवायचा असतो. मीच आलो असतो, पण गुडघा असा. म्हणून या खेपेला हे मशीनच मुराळी समजा. नवे सेल घातलेत. आक्काला पुढं घाला आणि दोन्हींतली कुठलीही आई लावा. उभं राहून विचार करत बसलात तर बाण नुसता गरगर फिरत राहील. चालायला लागा.