मनूला रस्ता शिकवायला नेलंय

शिल्पा,

तू बाजारातून येशील तवा घराला कुलूप असंल, घाबरू नको. किल्ली शेजारी देविकाकडं हाय. मनूला घेऊन मी शाळेच्या ग्राउंडवर गेलोय. तिथं आज लहान-म्हाताऱ्या सगळ्यांनाच सायकल नीट चालवायला आन् रस्ता ओलांडायला शिकवून राहिलेत. तुला विचारलं असतं तर तू न्हाईच म्हणली असतीस, म्हणून विचारलं न्हाई.

काल शाळा सुटल्यावर तिला आणायला गेलो. पोरगी रस्त्याच्या कडंला खांबाला धरून उभी. एक ऑटोवाला थांबला, "जा बाळा" म्हणला, तरी हलंना. मी जवळ गेलो तर म्हणली, "आजोबा, मी बी पप्पांसारखी मरंन."

लोह्याच्या रोडला आपला भागवत कडंकडंनंच सायकल चालवत होता, मागचा लाईट बी चालू होता. तरी ट्रकनं उडवलंच. शिकल्यानं सगळं टळतं असं मी म्हणत न्हाई. माझा लेक गेलाय, मला बी कळतं. पण तवापासून तू तिचा हात सोडला न्हाईस. आपण दोघं तिला किती दिवस पुरणार?

रागवायचं तर घरी आल्यावर रागव. पण जमलं तर ये. ग्राउंडसमोर, रस्त्याच्या पलीकडं उभी राहा. मी मनूला अलीकडून एकटीला सोडीन. पांढऱ्या पट्ट्यांवरून ती तुझ्याकडं येईल.

तिला हाक मारू नको. दोन्हीकडं बघू दे.

— मामंजी