दोन वर्षांची मुदत

एडिसन, गुरुवार

प्रिय नीलांबरी,

आपल्या मराठी मंडळाच्या घटनेतून अध्यक्षाची दोन वर्षांची मुदत कायमची काढून टाकायचा ठराव तू रविवारच्या सभेत मांडणार आहेस. अबोलीनं आज फोनवर ते पक्कं सांगितलं. सचिवच सांगतेय म्हटल्यावर शंका उरली नाही. मतदान हात वर करून, हेही तिच्याकडूनच कळलं. चिठ्ठ्या तू कॅन्सल केल्यास म्हणे.

ती मुदत आपणच घातली होती, पंधरा वर्षांपूर्वी, तुझ्या किचनमध्ये, खिचडी गार होईपर्यंत भांडून. 'चांगला माणूस मिळाला तर त्याला हाकलायचं कशाला, यार?' हा तुझा हेका. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, त्यामुळे तुला लेक्चरच ऐकावं लागलं. जुने विचारवंत विचारायचे, राज्य कोणी करावं? शहाण्यानं, सज्जनानं. मग काही म्हणाले, सज्जनपणा राहू दे, राज्य राखता येतं का ते बघा. आणि अलीकडचे विचारतात, तो चुकला तर त्याला घरी कसं पाठवणार? शेवटी तू वैतागून म्हणालीस, 'बरं बाई, लिही दोन वर्षं.'

मग कोविड आला. अध्यक्ष तू होतीस. दारोदार डबे पोचवलेस. आपल्या मंडळातल्या रेखाची आई तिकडे पुण्यात वारली आणि तिला इकडून जाता येईना, तेव्हा रेखाच्या दाराबाहेर, थंडीत, खुर्ची टाकून बसून राहिलीस. मुदतवाढ मीच सुचवली. 'इतकी चांगली अध्यक्ष असताना नियम कशाला?' हे वाक्य माझं. वीस वर्षं शिकवलेलं मी एका वाक्यात पुसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता तेच वाक्य तू माझं नाव घेऊन सगळ्यांना ऐकवतेस. मार्चमध्ये विष्णूकाकांनी मंडळाच्या ग्रुपवर फक्त 'निवडणूक कधी?' एवढं विचारलं, तर तू त्यांना ग्रुपमधूनच काढून टाकलंस. ऐंशी वर्षांचे काका मला विचारत होते, मंडळाचे मेसेजच येत नाहीत, माझा फोन बिघडलाय का गं? मी म्हणाले, असेल. ती लाज तुझी नाही, माझी आहे.

तुझं मन वळवायला हे लिहीत नाही. सभेत तुला धक्का बसू नये, एवढंच. 'कोणी विरोधात?' असं तू विचारशील तेव्हा सगळे खाली बघतील. कोणाच्या मुलीचा मंडळाच्या कार्यक्रमात नाच आहे, कोणाला दिवाळीत स्टॉल हवाय. माझा हात वर असेल. विष्णूकाकांना मी गाडीतून आणणार आहे, फोनचं खरं काय ते वाटेत सांगून. तरीही ते माझ्या शेजारी बसले, तर हात दोन होतील. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. मोजताना नीट बघ.

अजून तरी तुझीच,
शुभा